रस्ता खोदलेला, पाऊस तोंडावर: गल्लीतल्या कुटुंबांनी काय करावं आणि कोणत्या क्रमाने

मे महिन्यात दारासमोरचा रस्ता खोदला जातो, जूनमध्ये पाऊस येतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खड्ड्यांचे फोटो आणि "कोणीतरी तक्रार करा रे" असे निरोप फिरू लागतात. तक्रार बऱ्याचदा होतेही. पण ती चुकीच्या कार्यालयात जाते, फोटोत ठिकाण कळत नाही, आणि तोवर पाणी तळमजल्यात शिरलेलं असतं. दुसरीकडे मुलं रोज त्याच खोदलेल्या कडेने शाळेत जात असतात आणि त्यांचा मार्ग बदलायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

पुढचे टप्पे महाराष्ट्रातल्या शहरांतल्या आणि नगरपालिका गावांतल्या रहिवाशांसाठी आहेत. पहिले तीन मेच्या मध्यापर्यंत उरकावेत. उशीर झाला असेल तरी सुरुवात पहिल्यापासूनच करा, कारण रस्ता कोणाचा हे ठाऊक नसेल तर पुढची सगळी कागदपत्रं वाया जातात.

१. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा

सर्वाधिक तक्रारी इथेच अडकतात. "रस्ता म्हणजे महापालिका" असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात एकाच शहरातले रस्ते महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ), एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) किंवा कटक मंडळ (लष्करी छावणी भागाचं प्रशासन) यांपैकी कोणाकडेही असू शकतात. ताबा बदलतोही. मुंबईतले पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग आधी एमएमआरडीएकडे होते, २०२२ च्या अखेरीस ते महापालिकेकडे आले. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर तर अनेक यंत्रणांचा हात असल्याने "आमच्याकडे येत नाही" हे उत्तर रहिवाशांना पाठ झालंय.

शोधायचं कसं?

अ) रस्त्यावर माहिती फलक आहे का बघा. कामाचं नाव, ठेकेदार, खर्च, सुरुवात आणि पूर्ण होण्याची तारीख त्यावर असते. फलकाच्या डोक्यावर ज्या खात्याचं नाव, तो या कामाचा मालक.

आ) शहराबाहेर किंवा गावाजवळ असाल तर किलोमीटरचा दगड बघा. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे.

इ) फलकही नाही आणि दगडही नाही, तर वॉर्ड ऑफिसात किंवा क्षेत्रीय कार्यालयात जाऊन रस्ते विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला एवढंच विचारा: हा रस्ता तुमच्या यादीत आहे का?

बिल्डरने पाडलेल्या लेआउटमधल्या रस्त्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण उपनगरांत आणि नव्या वस्त्यांत गोंधळ याच्यामुळेच होतो. रस्ता वापरात आहे, त्यावर दिवे आहेत, कचऱ्याची गाडीही येते, पण तो पालिकेकडे हस्तांतरितच झालेला नसतो. अशा रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार पालिका "खासगी रस्ता" म्हणून बंद करते आणि नियमाने ती बरोबर असते. तिथे आधी हस्तांतराचा पाठपुरावा करावा लागतो. तोवरचा खर्च बिल्डर उचलणार की सोसायट्या, हे पावसाआधी बसून ठरवा.

तपासा: रस्त्याचं अधिकृत नाव, खात्याचं नाव आणि संबंधित अभियंत्याचं पद, या तीन गोष्टी एका कागदावर आल्या का? आल्या असतील तरच पुढे जा.

२. पावसाआधीची फेरी

रविवारी सकाळी तीन-चार जणांनी मिळून घरापासून शाळेपर्यंत आणि घरापासून बसथांब्यापर्यंत पायी चालायचं. गाडीवरून बघितलेलं धरू नका. सोबत शाळेत जाणारं एखादं मूल आणि एखादे आजोबा-आजी असतील तर फारच उत्तम. तुम्ही सहज ओलांडता ती चर त्यांना किती अवघड जाते, ते तिथेच दिसतं.

काय टिपायचं:

खड्डे आणि अर्धवट बुजवलेल्या चरी. केबल, गॅस किंवा पाण्याच्या लाइनसाठी खोदलेली चर नुसत्या मातीने भरलेली असेल तर पहिल्या दोन पावसांत ती खचणार, हे नक्की धरा.

चेंबरची झाकणं. तुटलेली, डुगडुगणारी, गायब झालेली किंवा रस्त्यापेक्षा चार बोटं वर-खाली असलेली. आत माणूस पडू नये म्हणून बसवतात ती जाळी आहे की नाही हे झाकण उचलून बघू नका, खात्याला विचारा.

पावसाळी गटारांच्या जाळ्या. बांधकामाची वाळू, सिमेंटचा घोळ आणि प्लास्टिक यांनी त्या बंद होतात. रस्त्याचं काम चालू असेल तर हमखास. नालेसफाई झाल्याचा फलक लागलेला असतो, आणि काढलेला गाळ काठावरच पडून असतो, जो पहिल्या सरीबरोबर परत आत जातो. गाळ उचलला का, हेसुद्धा फेरीतच बघा.

झाडांच्या वाळलेल्या फांद्या. रस्त्यावरच्या झाडांसाठी पालिकेच्या उद्यान विभागाला कळवायचं. सोसायटीच्या आवारातलं झाड असलं तरी परस्पर कुऱ्हाड चालवता येत नाही. १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी टाका.

विजेचे खांब आणि फीडर पिलर, म्हणजे रस्त्याकडेला असलेल्या वीजवाटपाच्या पेट्या. दार उघडं, वायरी बाहेर, पायथ्याशी पाणी साचण्याजोगा खळगा, असं काही दिसलं तर लगेच वीज कंपनीला कळवा. महावितरणचा क्रमांक १९१२.

शेवटचं, पाणी कुठे साचतं. हे नकाशावरून कळत नाही. ज्यांची चहाची टपरी किंवा किराणा दुकान तिथे पंधरा-वीस वर्षं आहे, त्यांना विचारा. पाणी कुठून येतं आणि कोणत्या पायरीपर्यंत चढतं, ते बोटाने दाखवतील.

सगळं एका साध्या हाताने काढलेल्या नकाशावर मांडा आणि प्रत्येक ठिकाणाला क्रमांक द्या. हा क्रमांक पुढे तक्रारीत, फोटोच्या नावात आणि पाठपुराव्यात सगळीकडे तोच ठेवा.

३. तक्रार लिहिणं

मुख्य चूक अशी की लोक एका अर्जात सगळं कोंबतात: खड्डे, कचरा, भटकी कुत्री, बंद दिवे, शेजारच्या इमारतीचं बेकायदा शेड. असा अर्ज चार विभागांत फिरतो आणि चारही विभाग त्यातला आपला नसलेला भाग दाखवून मोकळे होतात. एक ठिकाण, एक विषय, एक तक्रार.

फोटो असे काढा: पहिला लांबून, ज्यात दुकानाची पाटी, विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा सोसायटीचं फाटक दिसेल. दुसरा जवळून, ज्यात खड्ड्याशेजारी पाण्याची बाटली किंवा चप्पल ठेवली असेल, म्हणजे खोली-रुंदीचा अंदाज येईल. फोनमधलं लोकेशन चालू ठेवा. पाण्याने भरलेल्या खड्ड्याचा नुसता फोटो निरुपयोगी असतो, त्यात फक्त डबकं दिसतं.

मजकूर चार-पाच ओळींचा पुरे. नमुना देतो:

"विषय: अमुक रस्त्यावर, अमुक सोसायटीच्या फाटकासमोर, विजेच्या खांब क्रमांक अमुकजवळ खचलेली चर. अंदाजे लांबी दोन मीटर, खोली अर्धा फूट. या जागेवरून रोज शाळेची मुलं आणि ज्येष्ठ नागरिक ये-जा करतात. चर खडी-डांबराने बुजवून रस्ता समपातळीत करावा आणि तोवर बॅरिकेड लावावं. सोबत फोटो २, नकाशा १."

शेवटच्या मागणीत "तोवर बॅरिकेड लावावं" हे शब्द आवर्जून घाला. दुरुस्तीला वेळ लागू शकतो, बॅरिकेड त्याच दिवशी लागू शकतं.

तक्रार ॲपवर करा आणि तिची छापील प्रत कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीवर द्या. पोच घेतल्याशिवाय, म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक दुसऱ्या प्रतीवर आल्याशिवाय तिथून हलू नका. मुंबईत पालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे, पुण्यात पालिकेची स्वतःची ॲप आहेत, राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३. नगरसेवकाला फोन करायला काहीच हरकत नाही, पण फोनला आवक क्रमांक नसतो.

सावधान: पाऊस सुरू असताना "आत्ताच्या आत्ता डांबर टाका" असा हट्ट धरू नका. ओल्या खडीला गरम डांबर धरत नाही आणि दोन दिवसांत सगळं उखडून पुन्हा खडी रस्त्यावर येते. त्या खडीवरून दुचाकी घसरण्याचा धोका मूळ खड्ड्यापेक्षा जास्त. पावसात कोल्ड मिक्स (न तापवता भरायचं डांबर-खडीचं मिश्रण), मॅस्टिक (दाट, पाणी न मुरणारं डांबर) किंवा लवकर घट्ट होणारं काँक्रीट वापरतात. तात्पुरती दुरुस्ती याच प्रकारची मागा आणि कायमची दुरुस्ती पावसानंतर कधी करणार ते लेखी विचारा.

सावधान: स्वतः राडारोडा किंवा माती आणून खड्डा भरू नका. हेतू कितीही चांगला असला तरी पावसात तिचा चिखल होतो. वर खात्याचा माणूस येऊन "खड्डा बुजवलेला आढळला" म्हणून तक्रार बंद करतो. खड्ड्याभोवती सुटे दगड मांडणं तर रात्री सरळ अपघाताला आमंत्रण. फारच धोकादायक जागा असेल तर वाहतूक पोलिसांच्या चौकीत सांगून बॅरिकेड मागा.

४. दारासमोर काम चालू असताना

इथे बहुतेक रहिवासी दोन टोकांना असतात. एक तर काम अडवतात, नाहीतर "होऊ दे एकदाचं" म्हणून पडदे ओढून घेतात. दोन्हींत नुकसान आपलंच. काम चालू असतानाच जे विचारायचं ते विचारून घेतलं पाहिजे, कारण काँक्रीट पडल्यावर बदलता येण्यासारखं फार थोडं उरतं.

पातळी. हा या टप्प्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवत गेलं की रस्ता दर वेळी काही इंच वर येतो. नव्या काँक्रीट रस्त्याची पातळी सोसायटीच्या फाटकापेक्षा वर गेली तर पावसाचं पाणी गटाराऐवजी आवारात येतं, तिथून लिफ्टच्या खड्ड्यात आणि पाण्याच्या टाकीत. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी फाटकाच्या खांबावर सध्याच्या रस्त्याची पातळी रंगाने खुणेची रेघ मारून ठेवा आणि तिचा फोटो काढा. अभियंत्याला दोनच प्रश्न विचारा: तयार रस्ता या रेघेच्या किती वर किंवा खाली येणार? आणि आमच्या आवारातलं पावसाचं पाणी कोणत्या चेंबरला जोडलं आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दाखवायला सांगा. नवीन गटार बांधताना जुने जोड तुटलेले कोणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि ते कळतं जुलैत.

रस्त्याला दोन्ही बाजूंना उतार आहे ना, हेही बघा. मधोमध पाणी उभं राहिलं तर रस्ता नवा असूनही लवकर फुटणार. डांबराचा मोठा शत्रू साचलेलं पाणी.

आडोसा आणि इशारे. काम चालू असलेल्या जागी वाहतुकीची सोय कशी ठेवायची याचे नियम आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी ५५ या मार्गदर्शिकेत दिलेले आहेत. तुम्हाला ती वाचायची गरज नाही. खोदलेल्या भागाला सलग अडथळा आहे का, रात्री चकाकणाऱ्या पट्ट्या किंवा दिवे आहेत का, पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी, सपाट वाट ठेवली आहे का, एवढं पुरे. नुसती लाल-पांढरी प्लास्टिकची फीत म्हणजे अडथळा नव्हे. लहान मूल तिच्याखालून सहज जातं.

रुग्णवाहिकेची वाट. खोदाईमुळे फाटक बंद होणार असेल तर गाडी कुठपर्यंत येऊ शकते आणि तिथून स्ट्रेचर कसं न्यायचं हे आधी चालून बघा. डायलिसिसला जाणारे, गरोदर बायका, अंथरुणाला खिळलेले रुग्ण कोणत्या घरात आहेत याची यादी सोसायटीच्या सचिवांकडे हवी. पाण्याची लाइन किंवा गॅस बंद राहणार असेल तर त्याची वेळ ठेकेदाराच्या सुपरवायझरकडून आदल्या दिवशीच घ्या.

काँक्रीट ओलं असताना. पृष्ठभाग टणक दिसला म्हणून स्कूटर घालू नका. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांच्या हिशोबाने मोजतात. ठेकेदाराने रस्ता जेवढे दिवस बंद ठेवायला सांगितलं तेवढे दिवस ठेवाच. काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून गोणपाट अंथरून पाणी मारतात, ते थांबलेलं दिसलं तर मात्र हटकून विचारा. मुलं सायकलच्या चाकांचे ठसे उमटवण्यात पटाईत असतात, त्यांना आधी समजावा.

तपासा: काम संपल्यावर ठेकेदाराने राडारोडा, खडीचे ढीग आणि सुटे पेव्हर ब्लॉक उचलले का? चेंबरची झाकणं रस्त्याच्या समपातळीत आली का? जाळ्यांतलं सिमेंट काढलं का? हे होईपर्यंत "काम पूर्ण" असं लिहून देऊ नका, कोणी प्रेमाने सही मागितली तरी.

५. घरातल्यांचा पावसाळी मार्ग

उन्हाळ्यातला जवळचा मार्ग आणि पावसाळ्यातला सुरक्षित मार्ग एकच असेल असं नाही. फेरीतल्या नकाशावर मुलांचा शाळेचा मार्ग वेगळ्या रंगाने काढा. उघडी चर, पाणी साचणारा कोपरा आणि फीडर पिलर टाळून दोन-चारशे मीटर जास्त चालावं लागलं तरी चालेल. मुलांना तो मार्ग पाऊस नसताना एकदा चालवून आणा.

मुलांना शिकवायच्या गोष्टी थोड्या ठेवा. साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही. विजेच्या खांबाला किंवा लोखंडी जाळीला हात लावायचा नाही. खाली पडलेली वायर दिसली की आल्या वाटेने मागे फिरायचं. गाडीचा दिवा दिसला तरी चालकाने आपल्याला पाहिलं आहे असं समजायचं नाही. यापेक्षा मोठी यादी मुलं विसरतात.

दुचाकीवरची तयारी मोठ्यांचीच कच्ची असते. मागे बसून छत्री उघडणं बंद. पोंचोसारखा सैल रेनकोट चाकात किंवा साखळीत अडकतो, त्यापेक्षा शर्ट-पँट असा दोन भागांचा घ्या. रंग पिवळा किंवा नारिंगी असावा, काळा-निळा नको. मुलांच्या हेल्मेटबाबत कायदा स्पष्ट आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक, आणि ९ महिने ते ४ वर्षांच्या बाळाला हेल्मेटसोबत चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा लागतो, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा दुसरा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे, पण तो पाळणारे पालक रस्त्यावर क्वचितच दिसतात.

व्हॅनवाल्या काकांशी जूनच्या पहिल्या आठवड्यात बोला. पाणी भरलं तर मुलांना कुठे उतरवणार, फोन कोणाला करणार, मूल कोणाच्या हाती देणार? व्हॅनमध्ये किती मुलं कोंबली आहेत हे एकदा स्वतः मोजा. पावसात गाडी वाटेत बंद पडली तर तेवढीच मुलं रस्त्यावर उभी राहतात.

६. अतिवृष्टीच्या दिवशी

सकाळी सहाच्या सुमारास हवामान खात्याचा इशारा बघायची सवय लावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. मुंबई आणि किनाऱ्यावरच्यांनी भरतीची वेळही बघायची. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले तर पाणी समुद्रात जायलाच जागा नसते. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं दामिनी ॲप फोनवर ठेवा, विदर्भ-मराठवाड्यात तर नक्कीच.

आता सगळ्यात गंभीर इशारा.

सावधान: पाणी लवकर ओसरावं म्हणून मॅनहोलचं झाकण कधीही उचलू नका आणि कोणाला उचलूही देऊ नका. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर घरी चालत निघाले होते. प्रभादेवी परिसरात पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून त्यांचा मृत्यू झाला. पाण्याखाली उघडं तोंड दिसत नाही, आणि आत पाण्याची ओढ एवढी असते की पोहता येणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. झाकण निघालेलं दिसलं तर जवळ उभं राहून लोकांना अडवा आणि लगेच पालिकेच्या आपत्कालीन कक्षाला कळवा.

पाण्यातून जावंच लागलं तर रस्त्याच्या मधोमध, हळूहळू, पुढे काठीने चाचपत. पण खरं सांगायचं तर रस्त्याची कडा दिसत नसेल तर थांबणंच योग्य. रेल्वेखालचा भुयारी मार्ग भरला असेल तर समोरची गाडी गेली म्हणून आपली घालायची नाही. दुचाकी किंवा गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका. इंजिनात पाणी जाऊन दुरुस्तीचा खर्च अवाच्या सवा होतो. ढकलत बाजूला घ्या, नाहीतर सोडून द्या.

कोणाला शॉक लागलेला दिसला तर हात लावायचा नाही. मेन स्विच बंद करता आला तर बंद करा, नाहीतर १९१२ आणि ११२ ला फोन. रुग्णवाहिकेसाठी १०८.

गुडघाभर पाण्यातून घरी आलात तर पाय साबणाने स्वच्छ धुवा. पायाला जखम किंवा ओरखडा असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा (प्राण्यांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार) धोका असतो. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक औषध हवं का ते विचारा. मुलं आणि गरोदर बायकांसाठी औषध वेगळं असतं, त्यामुळे शेजाऱ्याची गोळी देऊ नका.

७. तक्रार बंद, खड्डा चालू

ॲपवर "निराकरण झाले" असा हिरवा शिक्का आणि खड्डा जसाच्या तसा, हे तर रोजचंच. त्यावर ॲपच्या तारांकित अभिप्रायात राग काढू नका. आधी त्याच जागेवरून, त्याच कोनातून नवा फोटो काढा. मूळ तक्रार क्रमांक देऊन तक्रार पुन्हा उघडा. ॲप उघडू देत नसेल तर नवीन तक्रारीत जुना क्रमांक लिहा. प्रत कार्यकारी अभियंत्याला, पोचेसह. हे होऊनही काही हललं नाही, तर माहिती अधिकार.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये. "रस्ता का खराब आहे?" असं विचारू नका, कारण "का" म्हणजे माहिती नव्हे, आणि अर्ज परत येईल. कागद मागा: कार्यादेशाची (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेला आदेश) प्रत, ठेकेदाराचं नाव, काम पूर्ण झाल्याचा दाखला, मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) संबंधित पानांच्या प्रती आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख. शेवटची माहिती फार कामाची. त्या मुदतीत रस्ता फुटला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि तुमच्या पुढच्या अर्जात तेवढंच एक वाक्य पुरतं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर ३० दिवसांत प्रथम अपील. घाई असेल तर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत पालिका आणि जिल्हा स्तरावरच्या कार्यालयांत जाऊन कागद बघण्याची सोय राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार आहे. जाण्याआधी तिथे फोन करा.

८. खड्ड्यामुळे अपघात झाला तर

जखमीला आधी दवाखान्यात न्या. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये ते संरक्षण आहे. लोक अजूनही याच भीतीने बघत उभे राहतात.

दुसऱ्या कोणाला तरी खड्ड्याचा फोटो काढायला सांगा, आणि तो लगेच. घरचे सगळे दवाखान्यात धावतात, दुसऱ्या दिवशी जागेवर गेल्यावर खड्डा बुजलेला असतो. फोटोत गाडी, खड्डा आणि आजूबाजूची खूण एकत्र दिसावी. जवळच्या दुकानांच्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, ते आजच मागा. दवाखान्याच्या कागदावर "पडल्याने" एवढंच लिहू देऊ नका, "रस्त्यावरील खड्ड्यात दुचाकी गेल्याने" असं कारण नोंदवायला सांगा. पोलीस ठाण्यात नोंद करा आणि प्रत घ्या.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या अपघातांबाबत भरपाई ठरवून दिली: मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमीला दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते २.५ लाख रुपये. दाव्यांसाठी पालिका आयुक्त किंवा मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे, आणि रक्कम ६ ते ८ आठवड्यांत द्यायची आहे. लक्षात आलेला खड्डा ४८ तासांत बुजवावा, असंही आदेशात आहे. इथे तिसऱ्या टप्प्यातली पोच कामी येते. त्या जागेची तक्रार आधीच दिलेली असेल, तर "आम्हाला माहीत नव्हतं" असं कोणाला म्हणता येत नाही. अर्ज कसा करायचा यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा.

९. गणपती ते ऑक्टोबर

गणपतीच्या मंडपासाठी रस्त्यात बांबूंचे खड्डे पडतात आणि विसर्जनानंतर ते तसेच राहतात. मंडळ आपल्याच पोरांचं असतं, त्यामुळे तक्रार करायला कोणी धजावत नाही. त्यापेक्षा परवानगी काढतानाच मंडळाच्या अध्यक्षांकडून खड्डे कधी आणि कशाने बुजवणार ते ठरवून घ्या. नवरात्रात पुन्हा तेच.

ऑक्टोबरपासून रस्ते खोदायला पुन्हा परवानग्या मिळू लागतात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वॉर्ड ऑफिसात जाऊन आपल्या रस्त्यासाठी कोणी खोदाईची परवानगी मागितली आहे का ते विचारा. गॅस कंपनी, केबलवाले, पाणीपुरवठा, मलनिःसारण या चौघांची कामं एकामागोमाग आली तर नवा रस्ता चार वेळा फुटतो. चारही कामं एकाच खोदाईत करावीत, असा अर्ज तेव्हाच द्या. सोबत फाटकाच्या खांबावरच्या रेघेचा जुना फोटो जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या.